दगडाखालची बोराटी

हे बरेच दिवस कुणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. सोलापूरच्या विमानतळामागच्या माळाला कागदावर ‘पडीक’ मी लिहिलं. लिहिताना तो पडीक नाही, हे मला माहीत होतं.

तो शब्द खोडून घ्यायला यंदा दिवाळीनंतर पुण्याहून निघालो. गाडीत शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, “सोलापूरला काय काम?” “पाहणी,” मी म्हणालो. सवयीने अर्धंच. कुर्डुवाडीनंतर काळी रानं, ज्वारीची कोवळी पाती आणि मधूनच मुरमाड माळ दिसू लागले.

स्टेशनबाहेर रिक्षावाला म्हणाला, “एरपोर्टकू? फ्लाइट तो सुबुच निकल गया, साब.”

“विमानात नाही बसायचं. भिंतीमागच्या माळावर जायचंय.”

“उदर क्या है? घास है.”

“तेच बघायचंय.”

या विमानतळाभोवती विमानांचे सुटे भाग घडवणारे कारखाने, दुरुस्तीच्या शेड, प्रशिक्षणाची शाळा, असं देशाचं मोठं केंद्र उभारायचं घाटतंय. त्यासाठी जमिनीची पहिली पाहणी मी केली होती. श्रावण होता. माळावर पीक नाही, मेंढरू नाही, माणूस नाही. वाटेच्या तोंडाशी मात्र दगडाखाली दाबलेली बोराटीची (रानबोरीची) काटेरी फांदी. सोबतच्या इंजिनिअरला तो कचरा वाटला. मी सांगोल्याकडच्या मेंढक्याचा (मेंढपाळाचा) मुलगा. फांदी म्हणजे राखण. गवत वाढावं म्हणून दिवाळीपर्यंत चराई बंद. पण हे मला कसं कळतं, तेही सांगावं लागलं असतं, आणि ऑफिसात मी माझ्या घराविषयी कधी बोललो नव्हतो. फांदी बुटाने बाजूला सारली आणि लिहिलं, ‘पडीक, वापर नाही’. वापर नाही म्हटल्यावर चराईला दुसरी जागा देण्याचा प्रश्नच मिटला.

या वेळी राखण उठली होती, फांदी नव्हती. चढावर माझ्या बुटाचा तळ निघाला. पन्नाशीचा एक मेंढपाळ वाघर (मेंढ्या कोंडायची जाळी) गुंडाळत होता. त्याचं नाव बिरू. पुण्याहून आलोय म्हटल्यावर त्याच्या बायकोने, लक्ष्मीबाईने, हसत सुतळी पुढे केली.

“बूट पुण्याचा, माळ सोलापूरचा. जमायचं न्हाय त्येंचं.”

मग कडक भाकरी आणि शेंगाची चटणी आली.

“तुमी मूळचं कुटलं?” बिरूने विचारलं.

“सांगोल्याकडचा. मेंढक्याचाच. दादा, ह्या रानाला पडीक मीच लिहिलं.”

“बोराटी दिसली न्हाय?”

“दिसली. म्हणून तर आलोय.”

त्याने हातातली वाघर खाली टाकली. “दुसऱ्यानं लिवलं आसतं तर येडा म्हनून सोडलं आसतं. तुमाला ठावं हुतं की.”

“जेवू द्या त्येस्नी,” लक्ष्मीबाई म्हणाली. “शिव्या भाकरीनंतर द्या.”

शिव्या त्याने दिल्या नाहीत. म्हणाला, “इमानं हूं द्या की. माजी लेक आयटीआयला हाय, तिला तितंच कामाला लागायचंय. पन आमी हितं न्हवतोच, आसं कसं लिवता?”

“चला, तेच विचारू.”

सुतळी बांधलेल्या बुटानिशी मी त्याच्याबरोबर प्रकल्पाच्या कार्यालयात गेलो. तिथल्या साहेबांनी तो शब्द खोडण्यासाठीचा माझा अर्ज वाचला आणि चष्मा काढला.

“आराखडा पुढे गेलाय. एका शब्दाने काय होतंय?”

“त्या एका शब्दाने ही माणसं नाहीशी झाली, साहेब. केंद्र होऊ द्या, मलाही हवंय. माझ्या खोट्यावर नको.”

“‘मला माहीत होतं’ हे वाक्य तरी काढा. तुम्हीच अडकाल.”

“ते राहील. पोच द्या.”

पोचेवर शिक्का पडेपर्यंत मी टेबलासमोरून हललो नाही. बिरू जिन्यात म्हणाला, “बा हाय का तुमचा?”

“नाही.”

“मंग त्येला सांगायचं ऱ्हायलंच की.”

परतीच्या गाडीत पुन्हा कुणीतरी गाव विचारलं. या वेळी पूर्ण सांगितलं, मेंढरांसकट. समोरच्याने नुसती मान हलवली आणि पेपर उघडला. एवढ्यासाठी मी आयुष्यभर गप्प बसलो होतो.

पोच माझ्याकडे आहे, उत्तर आलेलं नाही. अहवालात तो शब्द अजून तसाच आहे. बिरू आणि लक्ष्मीबाईला त्यांचं रान कागदावर परत करण्याचं देणं मी लागतो. ते अजून फेडलेलं नाही.