पाचवीसाठी शाळा बघताना

मुलीची चौथी झाली आणि आम्ही तिला आजोळहून सोलापूरला आणलं. माझी सासुरवाडी अक्कलकोटच्या पलीकडं, कर्नाटकाच्या हद्दीलगत. मुलगी अजून शाळेतही जात नव्हती तेव्हा बायकोला मणक्याचा टीबी निघाला. बायको अंथरुणाला खिळलेली आणि मी दिवसभर दुकानात, नळ, पाइप आणि मोटारीचं सामान विकत. तेव्हा सासूबाई नातीला घेऊन गेल्या. बायको बरी झाली तरी बरेच दिवस तिला वाकता येत नव्हतं, वजन उचलता येत नव्हतं. तोवर मुलगी तिकडच्या कानडी शाळेत रमून गेली होती. थोडे महिने म्हणता म्हणता तिची चौथी होऊन गेली.

घरात आम्ही कानडीच बोलतो. माझं शिक्षण मराठीत झालं, दुकानही मराठीतच चालतं, त्यामुळं मला कधी अडलं नाही. मुलीला मात्र मराठी म्हणजे एसटीतून उतरल्यावर कानावर पडणारा गलका. आली त्या दिवशी ती आमच्याच घरात पाहुण्यासारखी भिंतीला टेकून बसली. पाणी हवं असलं तरी आधी आईकडं बघायची, मग माझ्याकडं, आणि मग हळूच विचारायची. मग बायको हंड्याजवळच बसून राहायला लागली. पोरीनं मागायच्या आधीच पेला तिच्या हातात द्यायची.

शाळेचा प्रश्न आला तेव्हा माझ्या मोठ्या भावानं सांगून टाकलं, "इंग्रजी शाळेतच घाल. कानडी नाही, मराठी नाही, तिसरीच घे. सगळ्यांचं सारखंच होतं तिथं." मला ते पटलं. मी मुलीला घेऊन एका नावाजलेल्या इंग्रजी शाळेत गेलो. फरशी लखलखीत, पाण्याचं मशीन, प्रत्येक वर्गात मोठा पडदा. प्रवेशाचं बघणाऱ्या मॅडमनी तिला इंग्रजीत नाव विचारलं. ते तिनं सांगितलं. त्यांनी आणखी काही विचारलं, तेव्हा ती माझ्याकडं बघायला लागली. मग मराठीत विचारलं, तरी ती माझ्याकडंच बघत राहिली. मॅडम वाईट नव्हत्या. समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "हिला तिसरीत बसवू. दोन वर्षांत लायनीवर येईल."

परत येताना ती स्कूटरवर माझ्या पाठीला चिकटून बसली होती. एका चौकात थांबलो तेव्हा तिनं माझ्या कानाशी येऊन कानडीत विचारलं, "अप्पा, मी नापास झाले?"

मी म्हणालो, "नाही गं." तिला रसाच्या गाड्यावर नेऊन उसाचा रस पाजला. तो तिनं अर्धाच प्यायला.

आमच्या घरापासून दोन गल्ल्यांवर महापालिकेची आठवीपर्यंतची शाळा आहे. तिच्या मागं यंत्रमागाचा कारखाना असल्यामुळं शाळेच्या भिंतीतूनसुद्धा खटखट ऐकू येते. तिथं जायचं माझ्या मनात नव्हतं. बायको म्हणाली, "बघून तर या. बघायला काय जातंय?" म्हणून मुलीला घेऊन गेलो. गेल्या गेल्या मी दुकानदाराच्या नजरेनं शाळा तपासली. पाण्याच्या टाकीखाली ओळीनं नळ, त्यातले दोन गळके. मुलींच्या एका संडासाला कुलूप. जिन्याच्या पायऱ्यांचे कोपरे उडालेले. मनातल्या मनात मी शाळेला नापास करून टाकलं.

मुख्याध्यापिका ऑफिसात नव्हत्या, पाचवीच्या वर्गात होत्या. शिक्षक कमी पडत होते, त्यामुळं पाचवीचा वर्ग त्यांच्याकडंच होता. सगळी मुलं त्यांना मोठ्या बाई म्हणत. शरीरानं स्थूल, आवाज किंचित बसका, मागच्या खटखटीवर रोज आवाज चढवून तसा झाला असावा. त्या व्हरांड्यात आल्या आणि त्यांनी माझ्याशी न बोलता आधी मुलीला मराठीत विचारलं, "गावाकडं काय काय करत होतीस गं?"

मुलगी माझ्यामागं सरकली. मीच म्हणालो, "बाई, तिला मराठी येत नाही. कानडी येतं."

"मला कानडी येत न्हाई," बाई म्हणाल्या. "पण तिला सांगू द्या की. मी ऐकते."

मी मुलीला कानडीत सांगितलं, गावाकडचं काहीतरी सांग, बाईंना ऐकायचंय. ती आधी पायाच्या बोटांकडं बघत दोन-तीन शब्द बोलली. बाई मान हलवत राहिल्या. मग तिचा धीर वाढला. आजोबांची म्हैस ओढ्यात बसली आणि संध्याकाळ झाली तरी बाहेर यायलाच तयार नव्हती, आजोबा काठावरून ओरडून दमले, ती गोष्ट तिनं हातवारे करत सगळी सांगितली. बाई एकदाही मध्ये बोलल्या नाहीत. वर्गातली पोरं दाराशी जमून ऐकत होती.

ती थांबल्यावर बाई म्हणाल्या, "एम्मी एम्मी म्हणत होतीस. म्हैस ना? आणि ती पाण्यात बसली?"

मुलगी हसली. इथं आल्यापासून पहिल्यांदा ती दात दाखवून हसली.

"वयाप्रमाणं पाचवीतच बसू दे," बाई मला म्हणाल्या. "गोष्ट सांगता येते तिला. मराठी येईल." मी नळांचं आणि कुलपाचं बोलणार होतो, ते राहून गेलं. आठवड्याभरात मुलीचं नाव त्या शाळेत घातलं.

पहिला महिना ती वर्गात एक अक्षर बोलली नाही. बाईंनी तिला एका विणकर घरातल्या पोरीशेजारी बसवलं होतं. त्या पोरीच्या घरी तेलुगू. मागच्या बाकावर बसणारीच्या घरी दखनी उर्दू. मला वाटायचं, मराठी शिकवायला मराठी बोलणारी एक तरी पोर शेजारी द्यायची होती. दुकान नोकरावर सोडून मी मधल्या सुट्टीच्या सुमारास शाळेकडं जायचो आणि खिडकीतून डोकावायचो. माझी सावली दिसली की मुलगी लगेच वळून बघायची. एक दिवस बाई बाहेर आल्या.

"तुमी खिडकीत आला की ती तुमच्याकडंच बघत बसते," त्या म्हणाल्या. "थोडे दिवस येऊ नका. काळजी वाटली तर संध्याकाळी मला भेटा."

मला राग आला. राग आला म्हणजे लाजच वाटली, पण तेव्हा तो रागच आहे असं वाटलं.

त्यानंतर बाहेरची माणसं शाळा तपासायला आली. मुलांना एकेक करून उतारे वाचायला लावले. त्यात पाचवीचा वर्ग वाचनात कच्चा निघाला, असं पालकांच्या बैठकीत बाईंनी स्वतःच सांगितलं. ते भावाच्या कानावर गेलं. तो दुकानात येऊन बसला आणि म्हणाला, "फुकट आहे म्हणून पोरीचं नुकसान करून घेऊ नकोस." दुसऱ्या दिवशी मी दाखला मागायला शाळेत गेलो.

बाई वह्या तपासत होत्या. माझं बोलणं त्यांनी पुरतं ऐकून घेतलं.

"वाचनात वर्ग कच्चा हाय, ते खरं," त्या म्हणाल्या. "ह्या वर्गात निम्म्या पोरांच्या घरी मराठी बोलत न्हाईत. त्यात माझी ऑफिसची कामं. मी कमी पडते, तेही खरं. दाखला मागितला तर द्यावाच लागंल मला."

मी समोरच्या बाकावर बसलो.

"पण मला वाटतं, तिला दिवाळीपर्यंत राहू द्यावं. ती आता बोलायच्या बेतात हाय."

"कशावरून?"

"काल शेजारणीनं तिचं बरोबर गणित चूक म्हणून खोडलं. तर हिनं तिच्या हातातनं पेन्सिल काढून घेतली आणि पुन्हा लिवलं. आधी नुसती बघत बसायची."

मी घरी येऊन बायकोला हे सांगितलं. म्हणालो, पेन्सिल ओढण्यावरून शाळा ठरवायची का? बायको भाकरी थापत होती. आता ती उंच स्टूल घेऊन बसल्या बसल्या भाकरी करायची. "दिवाळी फार लांब नाही," ती एवढंच म्हणाली.

दिवाळीच्या आत मुलीला कावीळ झाली. डोळे हळदीसारखे पिवळे, जेवण जाईना. डॉक्टरांनी शाळा बंद करून झोपून राहायला सांगितलं. ती आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडायची, आणि बायको तासन्‌तास हलायची नाही. मणका दुखत असणार. मी उशी द्यायला गेलो तर तिनं हातानं मला मागं सारलं. इतक्या वर्षांत पोर तिच्या मांडीवर आली नव्हती.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी संध्याकाळी दारात दोन पोरी उभ्या. एक ती शेजारीण, दुसरी मागच्या बाकावरची. "बाईंनी पाठवलंय का?" मी विचारलं.

"नाही," शेजारीण म्हणाली. "आमीच आलो. ती येत नाही म्हणून बाक मोकळा मोकळा वाटतो."

कावीळ लागेल म्हणून बायकोनं त्यांना आत घेतलं नाही, बाहेर ओट्यावरच बसवलं. मुलगी उंबऱ्याच्या आत चादर गुंडाळून बसली. मग त्या रोज यायला लागल्या. शाळेत काय झालं ते सांगायच्या, पुस्तक उघडून धडा वाचायच्या. मी दुकानातून लवकर यायला लागलो. आतल्या खोलीत हिशेबाचं निमित्त करून बसायचो आणि ऐकायचो.

त्यांचं वाचन म्हणजे निम्मं भांडण. कानडीत निर्जीव वस्तूला तो, ती, ते असं काही नसतं, आणि माझा, माझी, माझं याला शब्द एकच. मुलगी "माझा आई आली" म्हणायची, तर तेलुगूवाली तिला सुधारायची, आणि स्वतः "तो खुर्ची" म्हणायची. मग दखनीवाली, "नक्को गे, खुर्ची वो 'ती' रहती," असं ठासून सांगायची. एकदा तिघी थेट माझ्याकडं आल्या, म्हणजे दोघी ओट्यावरून आणि एक उंबऱ्याआडून.

"काका, पेन तो की ते?"

मी मराठी शाळेत शिकलेला माणूस, तरी घुटमळलो. कुणी तो म्हणतं, कुणी ते. मी म्हणालो, "दोन्ही चालतं."

"असं कसं?" माझी मुलगी म्हणाली. मराठीत म्हणाली. "एक सांगा की."

आतून बायको कानडीत म्हणाली, "आपल्यात बघा, कुठल्याही वस्तूला एकच. अदु. भांडणच नाही." मुलीनं ते मैत्रिणींना मराठीत सांगितलं. तेलुगूवाली म्हणाली, आमच्याकडंपण तसंच. तिघी हसायला लागल्या. त्यांना एवढं हसू कशाचं आलं ते मला कळलं नाही, पण मीही हसलो.

एका संध्याकाळी मोठ्या बाई आल्या. आल्या तशा त्याही ओट्यावर पोरींच्या शेजारी टेकल्या, चहा नको म्हणाल्या, पाणी प्यायल्या. मुलीला वाचायला सांगितलं. ती अडखळत वाचत होती. एका जोडाक्षरापाशी पुरती थांबली. मला आतून उठून सांगावंसं वाटलं. बाई थांबल्या, दोन्ही पोरी थांबल्या. समोरून एक रिक्षा गेली. मग तिनं तो शब्द तोडून तोडून म्हटला, परत एकदा सलग म्हटला, आणि पुढं गेली. कुणी शाबास म्हटलं नाही, पुढचं वाक्य ऐकत राहिले.

बाई निघाल्या तेव्हा मी त्यांना गल्लीच्या टोकापर्यंत सोडायला गेलो. दाखल्याचा विषय त्यांनी काढला नाही. मीच म्हणालो, "राहू दे तिला तिथंच."

"बरं," त्या म्हणाल्या. "तुमचं नळाचं दुकान हाय ना? आमचे दोन नळ गळतात. नुसतं बघून तरी सांगा, काय लागंल ते."

नळ बसवले. संडासाच्या कुलपाला मात्र फार दिवस लागले. त्यासाठी शाळेच्या समितीत माझी बायको गेली. दुखण्यानंतर पहिल्यांदाच ती एकटीनं तो उडालेल्या पायऱ्यांचा जिना चढली. बैठकीत तिनं कानडी वळणाच्या मराठीत विचारलं, "पोरींनी दिवसभर करायचं काय, सांगा की." पुढच्या बैठकीतही तिनं तेच विचारलं, त्याच्या पुढच्याही. शेवटी कुलूप निघालं. वाचनाला एक नवे शिक्षक मिळाले, ते वर्षाच्या आत बदलून गेले, मग पुन्हा बाई एकट्या. ही शाळा उत्तम आहे असं मी कुणाला छातीठोकपणं सांगणार नाही. भावाला मात्र सांगितलं, पोर सुखात आहे. त्यावर त्यानं विचारलं, "आणि मार्क?" मी म्हणालो, "मधले." सहावीत मधले होते. आठवीत बरे आले. मराठीत अजूनही एखाद्या वेळी 'माझा आई' निघून जातं, आणि मग तीच जीभ चावते.

यंदा आठवी संपली. ती शाळा तिथंच संपते, म्हणून नववीसाठी पुन्हा हायस्कूल बघायची वेळ आली. या वेळीही मी तिला बरोबर घेऊन गेलो. दोन शाळा पाहिल्या. पहिल्या ठिकाणी मी प्रयोगशाळा बघत होतो, तेवढ्यात ती मैदानावरच्या पोरींशी बोलायला गेली आणि बराच वेळ आली नाही. दुसऱ्या ठिकाणी तिनं मुख्याध्यापकांनाच विचारलं, "सर, मध्येच नवीन पोरगी आली तर तिला कुणाजवळ बसवता?"

सर जरा चकित झाले. म्हणाले, "जागा असेल तिथं."

बाहेर आल्यावर मी विचारलं, "मग? कुठली?"

"पहिली," ती म्हणाली. "तिथल्या पोरींनी खेळ थांबवून सगळं सांगितलं. आमी तिघीपण तिथंच जाणार."

"तिघींचं ठरलंयसुद्धा?"

"व्हय की," ती म्हणाली. "तुमची फक्त प्रयोगशाळा बघायची राहिली होती."

जून उजाडला. पहिल्या दिवशी त्या दोघी तिला बोलवायला आल्या. मी स्कूटर काढत होतो, तर तिनं नको म्हणून हात केला. बायको ओट्यावर उभी होती. तिघी गल्लीतून चालत निघाल्या, एकमेकींचं बोलणं तोडत, तीन भाषांत. कोपऱ्यावर वळताना मुलीनं मागं वळून आईला हात केला. बायकोनंही केला. मग आत जाता जाता मला म्हणाली, "चहा ठेवते. बसा की जरा, दुकान उघडेल निवांत."