लॅपटॉपच्या कपाळी कुंकू

लॅपटॉपला कपाळ असतं, हे मला लग्नानंतर कळलं. ते नेमकं कुठे असतं, हे मात्र थेट इंटरव्ह्यूच्या दिवशी कळलं.

माझी कंपनी बंद पडली आणि मी करंजाड्याच्या घरी बसले, तेव्हा माझी ठाम समजूत झाली की नोकरी मिळत नाही ती फक्त जुन्या लॅपटॉपमुळे. (प्रोग्रामर माणसाला अशी समजूत करून घ्यायला फार वेळ लागत नाही.) मग नवा निवडायला बसले. पंखा किती आवाज करतो, बटणं किती खोल दाबली जातात, स्क्रीनवरचा काळा खरंच काळा आहे की करडा... एवढी चौकशी माझ्या माहेरच्यांनी नवऱ्याचीसुद्धा केली नव्हती! शेवटी जुना विकून एक पातळ, देखणा लॅपटॉप घरी आला.

आप्पांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, तो तळहातावर तोलून पाहिला. मूळचे साताऱ्याचे आप्पा जन्मभर कळंबोलीच्या लोखंड बाजारातून ट्रक घेऊन निघायचे. ज्याला वजन नाही त्या वस्तूवर त्यांचा विश्वास नाही.

"एवढ्या पैशात एवढासाच? आत काय भरलंय का न्हाय?"

"आप्पा, लॅपटॉप जेवढा हलका, तेवढा महाग."

"मार्केटात असं बोलू नगंस बरं का. हसतील लोकं."

मग सुरू झाला एडिटरचा शोध. कोड ज्यात लिहायचा तो एडिटर. पहिला फारच साधा वाटला. दुसऱ्यात शिरले, पण बाहेर कसं पडायचं तेच कळेना, शेवटी लॅपटॉपच बंद केला. तिसऱ्यात एआय होतं. मी चार अक्षरं टाइप केली की पुढचं पानभर तेच लिहायचं, आणि त्याने काय लिहिलंय ते समजून घेण्यात माझी दुपार जायची. अक्षरांचा रंग निवडण्यात तर अख्खा गणेशोत्सव गेला! सासूबाई जाता-येता विचारायच्या, "लागलं का गं काम?" मी म्हणायचे, "तयारी चाललीय, आई." त्या बिचाऱ्या मान डोलवून चहा ठेवून जायच्या. घरात कुणी एका शब्दाने टोचत नव्हतं, आणि मला तेच जास्त टोचत होतं.

अशात इंटरव्ह्यूचं बोलावणं आलं. कंपनी चांगली होती, काम घरून करायचं होतं. मला ही नोकरी हवी होती, अगदी पोटातून हवी होती. दिवस खंडेनवमीचा होता, पण कंप्यूटरवाल्यांना कुठली आलीय खंडेनवमी!

त्या दिवशी मी आंघोळ करून बाहेर आले, तर टेबलावर लॅपटॉप नाही. हॉलमध्ये पाटावर पूजा मांडलेली. ट्रकचा जॅक, नट आवळायचे पाने, गावचा कोयता, आईंची विळी, आणि सगळ्यांच्या मधोमध, झेंडूच्या माळेत, उघडा, माझा लॅपटॉप!

"आप्पा, हा उघडून का ठेवलाय?"

"म्यानात ठिवून हत्याराची पूजा करत्यात व्हय?" आप्पा म्हणाले. मग झेंडूची माळ सरळ करत, "यंदा मधली जागा तुज्या हत्याराची. माजा जॅक झाला आता रिटायर."

मला एकदम भरून आलं. मी काय काम करते हे या माणसाला कधी कळलं नव्हतं, पण ते काम आहे हे त्याला पक्कं कळलं होतं. डोळे पुसता पुसता दुसरी गोष्ट आठवली आणि ते कोरडेच पडले. आमच्या घरी पूजेतलं हत्यार दसरा उजाडेपर्यंत चालवत नाहीत!

"आप्पा, माझा आज इंटरव्ह्यू आहे. याच्यावर!"

आप्पा खाली बसले. आईंनी पदर तोंडाला लावला. बराच विचार करून आप्पांनी निकाल दिला, "काम करायचं न्हाय. पन काम मागाया जायाला बंदी न्हाय. जाग्यावरनं हलवायचं तेवडं न्हाय."

त्यामुळे दुपारी मी पूजेसमोर मांडी घालून, कोयत्यावरून हात लांब करून लॅपटॉपशी बसले होते. मागून आई दर मिनिटाला, "जपून गं, धार हाय त्याला!" समोर स्क्रीनवर पुण्याचे एक साहेब प्रकट झाले आणि काळजीने म्हणाले, "मॅडम, तुमच्याकडे सगळं लाल का दिसतंय?"

मी वर पाहिलं. स्क्रीनच्या वर, बरोब्बर कॅमेऱ्यावर, रुपयाएवढं ओलं कुंकू!

"आई, इथे कुंकू कोणी लावलं?"

"मीच की! कुटं लावावं कळंना. मग वर मधोमध बारीक ठिपका दिसला. म्हनलं, हेच कपाळ."

मी रुमाल उचलला आणि आई किंचाळल्या, "सवाष्णीनं आजच्या दिशी कुंकू पुसायचं न्हाय हां!"

पलीकडून साहेब इंग्रजी सोडून मराठीत म्हणाले, "राहू द्या, पुसू नका. माझा लॅपटॉपही आईने देवापुढे ठेवलाय. मी ऑफिसच्या जुन्यावरून बोलतोय. आपण कोड बघू."

लिहायला घेतलं. पहिल्याच ओळीत चुकले, म्हणून बॅकस्पेस दाबलं. दबेना! फटीत अक्षतेचा एक टपोरा दाणा जाऊन बसला होता. (खोडायला दुसरे मार्ग असतात, पण घाबरलेल्या माणसाला ते आठवत नाहीत.) एआय बंद ठेवायचं होतं, एडिटर त्यांचाच होता, आणि खोडायची सोय नव्हती. ती चूक तशीच वळवून घेतली. मग नाइलाजाने, कित्येक महिन्यांत केलं नव्हतं ते केलं. आधी विचार केला, मग लिहिलं.

शेवटी साहेब म्हणाले, "कमाल आहे! तुम्ही एकही अक्षर खोडलं नाहीत. इतकं स्वच्छ डोकं क्वचित दिसतं."

नोकरी मिळाली. आईंनी बिल्डिंगभर पेढे वाटले. पाठोपाठ कंपनीने स्वतःचाच लॅपटॉप पाठवला. जाड, काळा, कोपऱ्यात घासलेला. काम फक्त त्यावरच करायचं, एडिटर कंपनी देईल तोच, अक्षरांचा रंगसुद्धा बदलायचा नाही! आप्पांनी तो दोन्ही हातांनी उचलला आणि त्यांचा चेहरा उजळला. "हां! ह्याला म्हनायचं लॅपटॉप. तू उगंच त्यो पापड आनलास."

त्या पापडावर आई आता कीर्तनं ऐकतात. माझी मात्र पंचाईत झालीय. कंपनीच्या लॅपटॉपचं बॅकस्पेस अगदी लोण्यासारखं चालतं, आणि स्वच्छ डोक्याची ही बाई दिवसभर किती खोडते ते साहेबांच्या हळूहळू लक्षात यायला लागलंय. येत्या खंडेनवमीसाठी आईंना आत्ताच सांगून ठेवलंय: कुंकू कुठेही लावा, पण त्या एका बटणावर अक्षता जरा सढळ हाताने टाका!