आईचा हात आणि मी निवडलेली तालीम

मालिश शिकायची तर कुणाकडे जावं, हे विचारायला लोक अजून माझ्याकडे येतात. का येतात देव जाणे. मी जन्मभर ठाण्याच्या कचेरीत कारकुनी केली. पण एके काळी मी चार महिने तालमीत जाऊन अंग चोळायला शिकलो, हे कल्याणात जुन्या लोकांना ठाऊक आहे. पुढे काय झालं ते ठाऊक नाही, म्हणून विचारतात. मी त्यांना चहा पाजतो आणि विषय बदलतो. आज तो बदलायचा नाही असं ठरवून बसलो आहे.

आईला अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा मी पंचवीस-सव्वीस वर्षांचा होतो. सकाळी तुळशीला पाणी घालताना तिच्या हातातला तांब्या पडला. आवाज ऐकून मी बाहेर आलो, तर ती वृंदावनाला टेकून बसलेली आणि तोंड एका बाजूला गेलेलं. उजवा हात मांडीवर नुसता पडलेला. पाय महिन्याभरात बराचसा सावरला, भिंत धरून चालू लागली. बोलणं मात्र जड झालं, आणि हात राहिला तो राहिलाच. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर भले माणूस होते. त्यांनी स्पष्ट सांगितलं, याला औषध नाही, जाणत्या माणसाकडून रोज चोळून घ्या, पहिल्या काही महिन्यांत काय परत यायचं ते येईल.

आईला त्या हाताचं काय हवं होतं, ते पहिल्या आठवड्यातच आम्हाला कळलं. तिला जेवायचं होतं. डाव्या हाताने जेवायची ती नव्हती. वडील गेल्यापासून बारा वर्षं तिने सोवळं सांभाळलं होतं, आणि डावा हात तोंडाला लावणं तिच्या लेखी मरणाहून वाईट. म्हणून तिला भरवावं लागे. एका वेळेला मी भरवी, एका वेळेला आत्या. भरवताना ती डोळे मिटून घ्यायची. घास गिळून झाला की डोळे उघडायची, पुढचा घास आला की पुन्हा मिटायची. तिच्या जड बोलण्यातलं एकच वाक्य मला तेव्हा नीट कळे: हात तोंडाशी येऊ दे. बाकी काही नको.

घरात आम्ही तिघंच. कुटुंब पहिल्या बाळंतपणासाठी पनवेलला माहेरी गेलेलं. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण, स्वयंपाकापुरती उभी राहायची, तिचेच हात कापत. तेव्हा चोळायचं ते मलाच, आणि मला तर साधं डोक्याला तेल लावता येत नव्हतं. शिकायला हवं हे उघड होतं. कुणाकडे, एवढंच ठरवायचं होतं, आणि ते ठरवण्यात मी माझी सगळी अक्कल पाजळली.

पहिल्यांदा आली ती सुईण. ठाकुर्लीच्या वाटेवर खाडीकडच्या एका गावात राहायची, मिठागरावर राबणाऱ्या घरातली. मला या जगात पहिला हात लागला तो तिचा. माझ्या वेळी आईला सव्वा महिना तिनेच चोळलं होतं. आईच्या दुखण्याचं कळलं तशी शेकायला निर्गुडीचा पाला पदरात बांधून दीड कोस चालत आली आणि परसात शेवग्याखाली उभी राहिली. पुढे येईना.

"बाला, मी आत नाय येत," ती म्हणाली. "इथंच बसतंय. तू आयचा हात धर, मी तोंडानं सांगतंय. आधी बोटं, मग मनगट. खांद्याला वढू नको. खांद्याखाली उशी ठेव, तो मेलेला नाय, निजलाय."

आत्याने दारातूनच मान हलवली. बाळंतिणीची गोष्ट वेगळी, बाळंतीण असतेच विटाळात, तिला सुईण शिवली तर काय बिघडलं. पण सोवळ्यातल्या बाईला सुइणीची विद्या? लोक काय म्हणतील? मी मान डोलावली. खरं सांगायचं तर सोवळं आईचं होतं आणि त्याच्या आड लपलो मी. कुंपणापलीकडे शेजारची दोन डोकी दिसत होती. कचेरीतला कारकून परसात उकिडवा बसून सुइणीकडून धडे घेतो, हे उद्या गावभर झालं असतं. मला तेवढंच दिसलं.

"आयला इचारलंस?" सुइणीने विचारलं.

"तिला बोलता येत नाही," मी म्हणालो.

तिने पाला शेवग्याच्या बुंध्याशी ठेवला आणि गेली. तो पाला तिथेच वाळला.

मग मी ठाण्याला तलावाकाठच्या एका वैद्यबुवांकडे जाऊ लागलो. कचेरी सुटली की तासभर. बुवा विद्वान, यात वाद नाही. तेलांचे प्रकार, वाताचे प्रकार, कुठल्या ऋतूत कोणी चोळून घ्यावं आणि कोणी घेऊ नये, सगळं मुखोद्गत. मी म्हटलं, एकदा करून दाखवा. ते म्हणाले, आधी पाठ करा. शेजारी एक शिष्य बसलेला असे, त्याला हळूच विचारलं, तुम्ही किती जणांना चोळलंत? तो म्हणाला, अजून तो अध्याय आला नाही. सहा वर्षं झाली होती त्याला. मी पंधरा दिवसांत तिथून पाय काढला, आणि स्वतःच्या चाणाक्षपणावर खूश झालो. पोथीतल्या विद्येला फसणारा मी नव्हे.

आता मला हवी होती हातातली विद्या, आणि तिच्यासाठी कल्याणात एकच नाव घेतलं जाई. तालमीचे उस्ताद. साठीचा माणूस, मनगट माझ्या पोटरीएवढं. सकाळी त्यांच्या तालमीत कुस्त्या झाल्या की पहिलवान लाल मातीच्या हौद्याच्या कडेला पालथे निजत आणि उस्तादांचे चेले त्यांना रगडत. एकदा मी डोळ्यांनी पाहिलं, कंबर धरलेला एक आडदांड गडी वाकडा चालत आला. उस्तादांनी त्याच्या पाठीत कोपर रोवलं, पाय धरून पिळला, काहीतरी कटकन वाजलं, आणि तो गडी उठून दंड थोपटत गेला. मला आणखी काय पुरावा हवा होता? मी त्याच दिवशी नारळ घेऊन गेलो.

"कशाला शिकायचंय?" उस्तादांनी विचारलं.

आई आजारी आहे असं सांगितलं तर बायामाणसांच्या अंगाची विद्या इथे नाही म्हणून परत पाठवतील, अशी मला भीती. मी म्हणालो, "हौस आहे."

त्यांनी मला वर-खाली न्याहाळलं आणि पंधरा दिवस नुसत्या बैठका काढायला लावल्या. मग हळूहळू अंगावर हात ठेवू दिला. मी जीव तोडून शिकलो, हे मात्र खरं. सकाळी ठाण्याच्या गाडीच्या वेळेआधी रोज दोन तास. तळवा कुठे दाबायचा, अंगठा कुठे फिरवायचा, दंड धरून खांदा कसा मोकळा करायचा. चार महिन्यांनी उस्ताद चेल्यांना म्हणाले, या कारकुनाचा हात बघा. मी त्या दिवशी तरंगत घरी आलो.

या चार महिन्यांत आईला कोणी चोळत नव्हतं. आत्या कापऱ्या हाताने तेल लावायची, तेवढंच. तरीसुद्धा तिसऱ्या महिन्यात आईची करंगळी हलली. मग कोपर. डाव्या हाताचा आधार न घेता तिने तो हात एकदा छातीपर्यंत आणला आणि माझ्याकडे पाहिलं. छातीपासून तोंड कितीसं लांब? मी तिला म्हणालो, आता थोडेच दिवस कळ काढ, मी शिकून तयार होतोय.

आणि तयार होऊन मी तिच्यापुढे बसलो. तेल कोमट केलं, त्यात ओवा टाकला. मनगट धरलं, दंड धरला आणि तालमीत करतात तसा हात डोक्यावरून मागे नेऊन ओढला. दोनदा, तीनदा. तिने डोळे मिटले होते. भरवताना मिटायची तसे. मला वाटलं, बरं वाटतंय. दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशी पुन्हा. कटकन आवाज येत नव्हता म्हणून मी जरा जोरच लावला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं.

चौथ्या दिवशी लुगड्याचा पदर सावरताना तिचा खांदा मला दिसला. हाड जागेवर नव्हतं. वरच्या हाडाखाली खळगा पडला होता, त्यात माझी दोन बोटं बसली. तिला म्हटलं, हात छातीशी आण. तिने प्रयत्न केला. बोटं हलली, कोपर हललं, हात उचलला गेला नाही. दुखत होतं का, मी विचारलं. ती म्हणाली, "तू शिकून आलास ना." मी तिथून उठलो आणि विहिरीवर जाऊन नुसता उभा राहिलो. मला रडूसुद्धा आलं नाही, इतकी स्वतःची चीड आली होती.

उस्तादांना बोलावलं. ते ओसरीवर बसले, मी जे केलं ते करून दाखवलं, त्यांनी बघून घेतलं. मग त्यांनी दारातून आईकडे पाहिलं, हात लावला नाही.

"कारकून," ते म्हणाले, "हे आमच्याकडचं अंग नव्हे. आमच्याकडे निजतो तो आपल्या पायांनी चालत येतो. दुखलं की शिवी घालतो, त्यावरून आम्हाला कळतं कुठे थांबायचं. तुम्ही आईचं कधी बोलला नाहीत."

त्यांचा दोष नव्हता. रागवायला मला माणूस हवं होतं आणि ते मिळत नव्हतं. त्याच दिवशी मी ठाकुर्लीच्या वाटेला लागलो. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण मी लहानपणी पाटीवर गिरवली होती. त्या दीड कोसात ती पावलोपावली आठवली.

सुईण टोमणा मारेल म्हणून मी तयार होतो. तिने टोमणा मारला नाही. माझ्याबरोबर आली आणि पुन्हा परसात शेवग्याखाली बसली. आता तोंडाने सांगून भागणार नव्हतं. ती माझा उजवा हात धरून चोळून दाखवायची, बोटाच्या पेरापासून. दाब किती, हे माझ्याच हाताला कळावं म्हणून. मी विहिरीवर आंघोळ करायचो, ओल्या पंच्याने आत जायचो आणि आईला तसं करू पाहायचो. आत पोचेपर्यंत माझे हात गार पडलेले आणि तो दाब विसरलेला.

पाच-सहा दिवसांनी आईने विचारलं, "हे तुला कोण शिकवतंय?"

मी खाली मान घालून सांगितलं. सुईण आहे, पण परसात बसते, मी रोज आंघोळ करूनच शिवतो, तुझं सोवळं मोडलेलं नाही.

"ती आधी आली होती?"

"आली होती. पहिल्या महिन्यात."

 आई एकेक शब्द जुळवत म्हणाली, "मला का नाही विचारलंस? तिने चोळलं असतं. मग घागरभर पाणी ओतायचं होतंस माझ्यावर."

आत्या चुलीपाशी होती, तिने ऐकलं आणि पदर डोळ्यांना लावला.  विहीर दारात होती. घागर विहिरीवर होती.

"तिला आत बोलाव," आई म्हणाली.

सुईण आत आली आणि आईजवळ फतकल मारून बसली. दोघी एकमेकींकडे पाहून हसल्या. मी जन्मलो तेव्हाही अशाच बसल्या असतील. तिने आईचा खांदा चाचपला, माझ्याकडे न बघता म्हणाली, "खांदा आता नाय यायचा. बोटं देतंय मी." रोज एक तास ती चोळायची आणि ती गेली की आत्या आईच्या अंगावर घागर ओतायची. दोन महिन्यांत बोटं उघडली, मिटायला लागली. बोलल्याप्रमाणे तिने बोटं दिली.

आई त्यानंतर तीन वर्षं जगली. पानावर बसली की उजव्या हाताने भात कालवायची, बेताचा घास करायची आणि थांबायची. मी सोवळ्याचा रेशमी मुकटा नेसून शेजारी बसलेला असायचो. मी एका हाताने तिचा खांदा धरून दुसऱ्याने कोपर उचलायचो, हात तोंडापर्यंत न्यायचो, ती घास घ्यायची, मी कोपर खाली ठेवायचो. डोळे ती उघडे ठेवायची. तीन वर्षं, दोन्ही वेळा, आणि प्रत्येक घासाला माझा अंगठा त्या खळग्याजवळ टेकायचा.

कोणी मला विचारतो, मालिश शिकायला चांगली तालीम कुठली, तेव्हा मी चहा मागवतो तो यासाठी.