पेंढ्यावर झोपवलेल्या मोटारसायकली

लांबच्या एकट्या प्रवासात माणसाला स्वतःची खरी ओळख पटते. मला ती पोशीर गावात, मित्राच्या खळ्यावरच पटली. त्याच्याकडे मोठ्या, एका सिलिंडरच्या दोन मोटारसायकली होत्या. त्यातली एक विकत घेऊन मला हिमालयात स्पितीला जायचं होतं. वाटेत पडलेली गाडी एकट्याला उचलता यायला हवी, म्हणून आम्ही पेंढा अंथरून दोन्ही आडव्या केल्या. माझं मन उंच, भारदस्त गाडीवर होतं. ती तसूभरही हलली नाही.

"बैल बसलाय जनू," मित्राची आई म्हणाली. "शेपूट पिळ रं त्याची!"

दुसरी हलकी होती, उभी राहिली. तिची टाकी लहान आहे आणि खड्ड्यांत ती जास्त हादरते. तरी तीच घेतली. पहिली उभी करायला आम्हा दोघांना आईची मदत घ्यावी लागली.