जोची माझा थोरला

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. माझ्या बायकोला, मेधाला, तर नाहीच — तिच्यासमोर जीभच उचलत नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही आमच्या घरातले नाही.

मेधाशी लग्न केलं तेव्हा तिचा तन्मय तीन वर्षांचा होता. त्याचे वडील अपघातात गेले होते. नोकरीसाठी आम्ही जर्मनीत इंगोलश्टाटला आलो, पुढे सई झाली. तन्मय मला पहिल्यापासून बाबा म्हणायचा. मी त्याला सायकल शिकवली, पोहायला नेलं. बाप म्हणून मी स्वतःवर खूश होतो — जरा जास्तच.

आठवीत त्याला शाळेत चंगीझखानावर रेफेराट द्यायचा होता, म्हणजे वर्गासमोर उभं राहून माहिती सांगायची. मला खान माहीत होता तो एवढाच, की लहानपणी मी दांडगाई केली की आई म्हणायची, "आला चंगीझखान." तन्मयने जर्मनमधून सगळं समजावलं. खानाच्या बायकोला शत्रूंनी पळवून नेलं होतं. ती परत आली आणि लवकरच जोची जन्मला. मूल कुणाचं, यावरून लोक कुजबुजत. पाठचा भाऊसुद्धा भर सभेत त्याला नको ते बोलला. तेव्हा खान म्हणाला, जोची माझा थोरला आहे, पुन्हा असं बोलायचं नाही.

मी खानावर बेहद्द खूश. शहरंच्या शहरं जाळली, पण बाप म्हणून मोठा माणूस, असं काहीतरी बोललो. पोस्टरवर चित्रं चिकटवत तन्मय म्हणाला, पण गादी जोचीला नाहीच मिळाली. मी म्हटलं, अरे, गादीचं काय घेऊन बसलास.

त्याच वर्षी गणपतीला आई पुण्याहून आली होती. तिने तन्मयला कधी हिडीसफिडीस केलं नाही. फक्त "मेधाचा मुलगा" म्हणायची — आणि मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचो. पूजा सांगायला गुरुजी व्हिडिओवर होते. मेधा आत मोदकांच्या गडबडीत. फोन धरून उभा होता तन्मय. संकल्पाला गुरुजींनी गोत्र विचारलं, मग मुलांची नावं. मी सईचं नाव सांगितलं — आणि थांबलो. समोर आई बसली होती. तिला काय वाटेल, म्हणून थांबलो का? की मलाच तसं वाटत होतं?

"एकच कन्या का?" गुरुजींनी विचारलं.

"हो," मी म्हणालो.

तन्मय मराठी बोलत नाही फारसं, पण कळतं त्याला सगळं. फोन थोडा खाली आला. यजमान दिसत नाहीत, गुरुजी म्हणाले. त्याने तो पुन्हा वर धरला आणि पूजा संपेपर्यंत तसाच धरून ठेवला. नंतर आरतीला टाळ वाजवले, मोदक खाल्ले. तो मेधाला सांगेल, आदळआपट करेल, म्हणून मी धास्तावून होतो. त्याने काहीच केलं नाही. मीही नाही. त्याच्या खोलीत जाऊन एक वाक्य बोलायचं होतं — आणि ते कसं बोलायचं, हेही त्यानेच मला सांगून ठेवलं होतं. मी भ्यालो. आजही लाज वाटते.

आता तो कायझर्सलाउटर्नला शिकतो. गणपतीला न चुकता घरी येतो. आई गेली, गुरुजीही बदलले. आता मुलांची नावं विचारली की मी दोन्ही सांगतो, मोठ्याने, थोरल्याचं आधी. त्या वेळी तन्मय तिथे नसतो. तो आत मेधाबरोबर मोदक वळत असतो. संकल्प उरकला की दारातून डोकावतो आणि विचारतो, "बाबा, झालं?"