मावशींची येरोनी

लाखनीपासून वरठीपर्यंत असं एकही काटेरी झुडूप नसेल, ज्यानं आमच्या मावससासूबाईंच्या पदराचा एखादा धागा ओढून ठेवलेला नाही. मोटारसायकलवर मागे बसल्या, की या मावशींचं लक्ष रस्त्याच्या कडेला. "जवाई, थांबा जी!" असं ओरडून माझ्या खांद्यावर अशी थाप मारतात, की ट्रकच अंगावर आला असं वाटावं. ट्रक नसतो, येरोनी असते, म्हणजे वाटाण्याएवढी काळी, आंबटगोड रानबोरं. पण दिसली की लगेच तोंडात टाकतील तर त्या मावशी कसल्या! आधी पान उलटून बघणार, मग आकडेदार काटा, मग फळ चिरडून बी आणि वास. तोवर मी उन्हात उभा. "पाखरं खाऊन राहिले ना, मग आपल्याले काय होते?" मी एकदा वैतागून म्हणालो. "पाखरू गोटेबी गिळते जी. तुमी गिळता काय?"

त्यांच्या मुलासाठी शहापूरला मुलगी बघायला गेलो, तेव्हाही हे झालंच. जांभळी बोटं आणि पदराला लटकलेली डहाळी घेऊन मावशी पाहुण्यांच्या दारात उतरल्या. मुलीच्या आईचा चेहरा पाहून मी ओळखलं, आता चहावरच बोळवण. तेवढ्यात मावशींची नजर कुंपणाकडे गेली. मुलीची चिमुकली भाची तिथं घाणेरीची हिरवी फळं मूठभर खात बसली होती. "थुक वं माय, थुक!" म्हणत मावशी धावल्या, तिच्या तोंडातली फळं बोटानं काढली, चूळ भरायला लावली. "कच्ची घाणेरी विषारी रायते. दवाखान्यात चला, आत्ताच!" घरातले सगळे एकमेकांकडे बघत राहिले. जिला बघायला आलो होतो ती मुलगीच भाचीला उचलून, अनवाणी, माझ्या गाडीवर बसली. मावशींनी घाणेरीची डहाळी फळांसकट तोडून तिच्या हातात कोंबली. "डाक्टरले हे दाखवजो."

पोरीला उलट्या झाल्या, पण संध्याकाळी ती बिस्किट मागू लागली. मुलीच्या आईनं मावशींचे हात धरले ते सोडेचनात. सोयरीक तिथंच जुळली. "पोराचं पोरालेच विचारा," मावशी म्हणाल्या, "मले तं चप्पल न घालता धावली तेव्हाच पसंत होती."

आता मावशींचे गुडघे गेलेत. त्या बांधावर बसतात आणि सून झुडपात शिरते. मागच्या हिवाळ्यात तिनं ओटीभर येरोनी आणून त्यांच्यापुढे ओतली. मावशींनी एकेक फळ उचलून पाहिलं, हुंगलं. एकही बाजूला काढावं लागलं नाही. खूश होतील असं मला वाटलं. पण सुनेच्या केसांत अडकलेलं काटेरी पान काढत म्हणाल्या, "माह्यासाठी एखादं तं चुकवाचं होतं वं, बाई."