शिफ्ट सोडून भातकुलीला

पुण्याहून निघाले तेव्हा सादिकभाईंना कामावरून काढायचं पत्र माझ्या बॅगेत होतं. एचआर प्रमुख म्हणून फक्त माझी सही व्हायची होती. आमच्या कंपनीचे मालक जर्मन, आणि डाळ मिलची यंत्रं बनवणारा कारखाना अकोल्याला. महिन्यापूर्वी तिथल्या वेल्डिंग विभागातले दहाही जण एके दिवशी न विचारता चालू शिफ्ट सोडून गेले होते. सादिकभाई त्यांचे सुपरवायझर, तेही सोबत गेलेले.

सकाळी अकोल्याला उतरले, ती थेट कारखान्यात. सादिकभाई पन्नाशीचे, मोजकं बोलणारे. त्यांनी काहीच लपवलं नाही. विभागातल्या गजाननचे वडील अमरावतीजवळ भातकुलीला वारले, म्हणून सगळे गेले. फोन करायला हवा होता, ते चुकलंच, असंही म्हणाले. दोघंतिघं गेले असते तर चाललं नसतं का, मी विचारलं.

"मंग बाकीचे दुसऱ्या दिवशी त्याच्यासंगं काम कसे करतीन, मॅडम?"

मला खात्री करायची होती. गजाननला सोबत घेऊन दुपारच्या बसनं अमरावती गाठली. तिथं गिला वडा (दह्यात भिजवलेला उडदाचा वडा) खाताना दही कुर्त्यावर सांडलं, आणि तो डाग मिरवतच काळ्या रानांतून भातकुलीला पोचले. गजाननच्या आईनं आधी डागासाठी पाणी दिलं, मग चहा. तिरडीला पहिला खांदा सादिकभाईंनी दिल्याचं ती सांगत होती. मग म्हणाली, "आयतवारी जाऊन त्या साऱ्याईनं तुमचं काम पुरं केलं. तुमाले सांगतलं नाई काय?"

नव्हतं सांगितलं. रविवारी हजेरीचं मशीन बंद, त्यामुळे कागदावर ते आलंच नव्हतं. सादिकभाईंना फोन केला, तर माल वेळेवर गेला, त्यात सांगायचं काय, म्हणाले.

संध्याकाळी अमरावतीच्या लॉजवरून मी जर्मन साहेबांना सगळं सांगितलं आणि पत्रावर सही करणार नाही हेही सांगितलं. रविवारी या असा हुकूम कोणी दिला होता, त्यांनी विचारलं. कोणीच नाही, मी म्हटलं.

"आमच्याकडे या दोन्ही गोष्टी घडल्या नसत्या," ते म्हणाले.

पत्र रद्द झालं. सोबत्याच्या घरी मयत झाली तर फोन करून विभाग बंद ठेवावा आणि तो दिवस रविवारी भरून द्यावा, असा नियम मी सादिकभाईंशी बोलून लिहिला.

दुसऱ्या दिवशी बडनेऱ्याहून परतीची गाडी धरली. कामगारांना कंपनी आपली वाटावी म्हणून मी बारा वर्षं बक्षिसं, सहली, स्पर्धा आखते आहे. माझे वडील गेले तेव्हा ऑफिसातून सांत्वनाचा मेल आला होता. मसुदा मीच सगळ्यांसाठी लिहून ठेवलेला होता. वर फक्त माझं नाव घातलेलं.